जड काम आणि जड यंत्र : विजेची फोर्कलिफ्ट कशी निवडावी?

व्याख्यानमालेत विषय यायचे ते साहित्याचे, इतिहासाचे, फार तर अर्थकारणाचे. माल उचलणाऱ्या एका यंत्राला व्यासपीठावर जागा कशाला, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. आमचे उत्तर एवढेच की, ज्या वस्तूसाठी माणसे जमीन गहाण ठेवून कर्ज काढतात, ज्या वस्तूच्या येण्याने काहींच्या पाठीवरचे ओझे उतरते आणि काहींच्या हातचे काम जाते, ती वस्तू चारचौघांत बोलण्याजोगी आहे. फोर्कलिफ्ट ही तशी वस्तू आहे.

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी हे काही कारखान्यांचे गाव नव्हे. भोवताली कपाशी, सोयाबीन आणि तूर. या भागातला कापूस जवळच्या कारंज्याच्या बाजारात जावा, तेथे त्याची रुई व्हावी आणि रुईच्या गाठी बाहेर जाव्यात, हा जुना रिवाज. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची 'शकुंतला' रेल्वे कारंज्यावरून नेली ती मुख्यतः या कापसासाठीच. ती गाडी आता बंद आहे. तिच्या जागी नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तोही कारंज्याजवळून जातो. असा रस्ता आला की गोदामे, जीन आणि प्रक्रियेचे कारखाने यांची भाषा सुरू होते, आणि ती भाषा सुरू झाली की कोणीतरी म्हणतो, "आता एक भारी विजेची फोर्कलिफ्ट घेऊन टाकू."

समजा, इंझोरीच्या परिसरातील काही कास्तकारांनी एकत्र येऊन शेतकरी कंपनी काढली, बँकेचे कर्ज घेतले आणि जिनिंग-प्रेसिंग टाकायचे ठरविले. त्यांनी हे यंत्र कसे निवडावे? हे उदाहरण आम्ही केवळ समजुतीसाठी कल्पिले आहे. पण त्यातले हिशोब कोणालाही आपल्या व्यवसायाला लावून पाहता येतील.

प्रथम यंत्राचे मर्म पाहू. फोर्कलिफ्ट म्हणजे पुढे दोन लोखंडी काटे असलेली गाडी. काटे ओझ्याखाली घालायचे, तेलाच्या दाबावर ते उभ्या मास्टवरून वर चढवायचे, आणि ओझे नेऊन ठेवायचे. ज्याने बैलबंडी हाकली आहे त्याला तिचे शास्त्र वेगळे शिकवायला नको. बंडीत माल मागे जास्त झाला की बंडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. फोर्कलिफ्ट ही जन्मतःच उलाळ होऊ पाहणारी बंडी आहे. फक्त येथे ओझे पुढे असते आणि उचलला जातो तो मागचा भाग. पुढची चाके हा टेकू. टेकूच्या पुढे ओझे, टेकूच्या मागे गाडीचे स्वतःचे वजन. दुकानातला तराजू आणि ही गाडी यांत तत्त्वाचा फरक नाही.

म्हणूनच गाडीवर 'तीन टन' असे लिहिलेले असते ते अर्धेच सत्य असते. उरलेले अर्धे शेजारच्या पाटीवर बारीक अक्षरात असते : ओझ्याचा मध्य काट्यांच्या टाचेपासून किती अंतरावर धरला आहे. लहान व मध्यम गाड्यांत हे अंतर बहुधा ५०० मिलिमीटर असते. आता हिशोब पाहा. पुढच्या आसापासून काट्यांची टाच अर्ध्या मीटरवर आहे असे धरू. ओझ्याचा मध्य तेथून आणखी अर्धा मीटर पुढे, म्हणजे आसापासून एक मीटर. तीन हजार किलो गुणिले एक मीटर, इतका भार ही गाडी तोलू शकते. आता ओझे लांबट आहे आणि त्याचा मध्य टाचेपासून पाऊण मीटरवर पडतो असे समजा. आसापासून अंतर झाले सव्वा मीटर. तीन हजाराला सव्वाने भागा. उरले २,४०० किलो. गाडी तीच, काटे तेच. पण सहाशे किलो हवेत गेले. ओझे खूप उंच चढवायचे असेल तर ही क्षमता आणखी घटते. किती घटते ते निर्मात्याच्या तक्त्यात दिलेले असते आणि तो तक्ता मागून घ्यावा.

मोठ्या गाड्यांत आणखी एक मेख आहे. पाच टन व त्यावरच्या गाड्यांची क्षमता काही निर्माते ५०० मिलिमीटरवर सांगतात, तर काही ६०० वर. दोन्हींवर 'पाच टन' असेच लिहिलेले. किंमत मात्र वेगळी. स्वस्त ती घ्यावी असे वाटते. वस्तुतः ६०० वर पाच टन उचलणारी गाडी अधिक बळकट असते. दोन दरपत्रके शेजारी ठेवताना हा आकडा प्रथम पाहावा.

आता 'भारी' या शब्दाकडे येऊ. या एका शब्दात दोन अर्थ लपले आहेत आणि बहुतेक चुकीच्या खरेद्या त्यांच्या गल्लतीतून होतात. एक, ओझे भारी. दोन, काम भारी, म्हणजे पाळीवर पाळी, धूळ, ऊन, न थांबता चालणारे काम. लोखंडाच्या गुंडाळ्या, दगडाच्या लाद्या, मोठी यंत्रे यांचे काम पहिल्या अर्थाने भारी असते. जिनिंगचे काम दुसऱ्या अर्थाने भारी आहे.

हिशोबच मांडू. आपल्याकडे रुईची गाठ १७० किलोची धरतात. प्रेसमधून दिवसाला २०० गाठी निघतात असे समजा. म्हणजे ३४ टन. गाठी उचलायला काट्यांऐवजी दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पंजा लावतात, त्याला क्लॅम्प म्हणतात. एका वेळी चार गाठी धरल्या तर ओझे झाले ६८० किलो. क्लॅम्पचे स्वतःचे वजन कित्येक शे किलो असते आणि तो ओझ्याला पुढेही ढकलतो, त्यामुळे तीन टनांच्या गाडीची क्षमता दोन-सव्वादोन टनांवर येते. तरीही चार गाठीच काय, सहा गाठी, म्हणजे १,०२० किलो, ती हसत नेईल. मग पाच टनी गाडी कशाला? फेऱ्या मोजा : प्रेसपासून थप्पीपर्यंत ५०, थप्पीपासून ट्रकपर्यंत ५०; एकूण शंभर. फेरीला चार मिनिटे धरली तर ४०० मिनिटे, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटे अखंड काम. येथे कस लागतो तो काट्यांचा नव्हे. बॅटरीचा, मोटरचा आणि चालविणाऱ्याचा.

आणि वर्षातून दोन वेळा खरोखरच चार टनांचे यंत्र उतरवायचे असेल तर? त्यासाठी त्या दिवसापुरती हायड्रा क्रेन भाड्याने आणावी. लग्नात हत्ती लागतो म्हणून कोणी दारी हत्ती बांधीत नाही.

जास्त मोठी गाडी घेतली तर बिघडले काय, असेही विचारतील. बिघडते ते जमिनीपासून. पाच टन उचलणाऱ्या गाडीचे स्वतःचे वजन सात टनांच्या आसपास असते. पूर्ण ओझे घेतले की या बारा टनांचा बहुतेक भार पुढच्या दोन चाकांवर येतो. आणि आपली जमीन कोणती? काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पिकाला ती आई आहे. चाकाला वैरीण आहे. त्यावर नुसता मुरूम टाकून भागत नाही. काळी माती काढून, भर घालून, दाबून, वर गजांचे काँक्रीट घालावे लागते, आणि त्याची जाडी स्थापत्य अभियंत्याने चाकाच्या भारावरून ठरवायची असते. गाडी जितकी जड, तितकी फरशी महाग. शिवाय तीन टनी गाडीला वळायला चार मीटरच्या आसपास रुंद वाट लागते, पाच टनीला त्याहून अर्धा-पाऊण मीटर जास्त. तेवढी गोदामातली साठवणीची जागा गेली. ट्रकच्या किंवा कंटेनरच्या तळावर चढून माल लावायचा असेल तर जड गाडी तेथे नेताच येत नाही. तळ तेवढा भार सोसत नाही. म्हणून दरपत्रक मागविण्यापूर्वी दाराची उंची, वाटांची रुंदी, उताराचा चढ आणि फरशीची जाडी कागदावर लिहावी.

एवढे झाल्यावर वीज की डिझेल, हा प्रश्न. कापसाच्या बाबतीत विजेची बाजू मुळातच बळकट आहे. डिझेलच्या गाडीला तापलेली धुराची नळी असते आणि ठिणगी उडण्याची भीती असते. रुईच्या तंतूला तेवढे पुरते. बंद गोदामातला धूर माणसाच्या छातीला आणि मालाला, दोघांनाही वाईट. विजेच्या गाडीला धूर नाही, आवाज कमी. परंतु विजेची गाडी म्हणजे आगीपासून अभय, असा समज करून घेऊ नये. जुन्या पद्धतीच्या मोटरीत कार्बनचे ब्रश घासतात आणि तेथे ठिणगी पडते. म्हणून ब्रश नसलेली, ए.सी. मोटर असलेली गाडी मागावी. तंतू मोटरीवर व तारांभोवती साचतो. तो रोज साफ करण्याची शिस्त लागते. जेथे धोका विशेष आहे तेथे कोणत्या संरक्षणाची गाडी चालेल, हे विमा कंपनीकडून आणि अग्निशमनाच्या जाणकाराकडून लेखी घ्यावे.

विजेच्या गाडीचे काळीज म्हणजे बॅटरी. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिसे आणि आम्ल यांची बॅटरी सिद्ध केली. तीच जात आजही फोर्कलिफ्टमध्ये चालते. तिच्या शेजारी आता लिथियमची आली आहे. ती घडविणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोघींचे स्वभाव वेगळे आहेत.

शिशाची बॅटरी स्वस्त, सोशिक, पण शिस्तीची. साधारण आठ तास काम, आठ तास चार्जिंग, आठ तास थंड होण्यास विश्रांती, अशी तिची दिनचर्या. पाचवा हिस्सा शिल्लक राहिला की काम थांबवावे. त्याखाली उतरविली तर आयुष्य घटते. तिला वेळोवेळी डिस्टिल्ड पाणी घालावे लागते. चार्ज होताना ती हायड्रोजन वायू सोडते. हवेत त्याचे प्रमाण शेकडा चार झाले की तो पेट घेऊ शकतो. तेव्हा चार्जिंगची खोली कापसापासून दूर, वेगळी, वारा खेळणारी हवी. लिथियमच्या बॅटरीला पाणी नको, आणि जेवणाच्या सुट्टीत अर्धा-एक तास चार्ज केली तरी ती रुसत नाही. मात्र किंमत बरीच जास्त, आणि चार्जर झटपट असेल तर वीजही एकदम जास्त ओढते.

आपल्या उदाहरणाला हे लावून पाहू. ४८ व्होल्ट, ६०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे २९ युनिट. त्यातले पाचात चार भाग वापरायचे, म्हणजे २३ युनिट. गाडीला ताशी साडेचार युनिट लागतात असे धरले तर ती पाच तास चालेल. आपले काम आहे सहा तास चाळीस मिनिटांचे! म्हणजे दुपारी चारच्या सुमारास, ट्रक दारात उभे असताना, गाडी बसणार. मग मार्ग तीन : मोठी बॅटरी घेणे, दुसरी बॅटरी आणि ती बदलण्याची सोय ठेवणे, किंवा लिथियम घेऊन मधल्या सुट्टीत चार्ज करणे. तिन्ही मार्गांना पैसे लागतात. परंतु ते आधी कळले तर किमतीत धरता येतात. २३ युनिट परत भरायला शिशाच्या बॅटरीसाठी मीटरवर सुमारे ३० युनिट पडतील. आपल्या वीजबिलातला दर त्याला लावा. दुसऱ्या बाजूला, याच ताकदीच्या डिझेल गाडीला ताशी दोन-तीन लिटर धरून तुलना करा. रोजच्या इंधनात वीज पुष्कळ स्वस्त पडते, हे कोणालाही दिसेल. मात्र त्या बचतीतून बॅटरीची किंमत किती वर्षांत फिटते, हा खरा प्रश्न; आणि त्याचे उत्तर गाडी वर्षातून किती तास चालते यावर आहे.

येथे आपल्या भागाचे वैशिष्ट्य आडवे येते. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरतो. पुढचे सहा-सात महिने गाडी उभी. शिशाची बॅटरी रिकामी ठेवून विसरली तर तिच्या पत्र्यांवर घट्ट साका बसतो आणि पुढल्या हंगामात ती मेलेली सापडते. त्यात वऱ्हाडचा उन्हाळा. बॅटरीला फार उष्णता सोसत नाही, मग ती शिशाची असो की लिथियमची. तेव्हा बिनहंगामात तिला सावलीत ठेवणे, शिशाची असल्यास दर महिन्याला चार्ज करून पाणी पाहणे आणि लिथियमची असल्यास निर्माता सांगेल तेवढी अर्धवट भरून ठेवणे, हे काम एका माणसाच्या नावे लिहून द्यावे. हंगाम फार लहान असेल तर चार महिन्यांसाठी भाड्याने गाडी घेणे हेच शहाणपणाचे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण यंत्रालाही लागू आहे.

विजेच्या पुरवठ्याबद्दल दोन शब्द. सहा-आठ तासांत हळूहळू चार्ज होणाऱ्या गाडीला चार-पाच किलोवॅट पुरतात; तीच दोन तासांत भरायची तर बारा-पंधरा किलोवॅट लागतात. मंजूर भारात एवढी जागा आहे का, तीन फेजची वीज नेमकी कोणत्या वेळी मिळते, हे महावितरणच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारावे. आणि कोणी पुढे स्वस्तात बॅटरी बदलून देतो म्हणाला तर सावध! गाडीच्या पाटीवर बॅटरीचे किमान वजन लिहिलेले असते. बॅटरी हा मागच्या वजनाचा भाग आहे. हलकी बॅटरी बसविली आणि कमी पडलेले वजन भरून काढले नाही, तर आपण मघाशी पाहिलेला तराजू बिघडतो आणि गाडी पुढे कोसळते.

आता ज्यांच्याविषयी यंत्राच्या माहितीपत्रकात एक ओळही नसते, त्या हमालांविषयी. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने अशी शिफारस केली की, एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहण्याचे ओझे ५५ किलोंहून जास्त असेल तर ते त्या मर्यादेपर्यंत लवकरात लवकर उतरवावे. आपल्या बाजारपेठांत एका पाठीवर शंभर किलोंचे पोते ही पिढ्यान् पिढ्या नित्याची गोष्ट होती. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि मंडळांमार्फत त्यांच्या मजुरीची व कल्याणाची व्यवस्था बसविली. १७० किलोची गाठ लोटताना कंबर मोडून घेणे हे काही टिकवून ठेवण्याजोगे वैभव नव्हे. ते यंत्राने घ्यावे, हेच न्याय्य. परंतु कंबर वाचली आणि चूल विझली, तर त्यालाही न्याय म्हणता येणार नाही.

सुदैवाने यंत्राचा स्वभाव येथे थोडा मदतीस येतो. फोर्कलिफ्टला सुटी पोती उचलता येत नाहीत. सोयाबीनची ५० किलोंची वीस पोती एकदम न्यायची तर ती आधी लाकडी पॅलेटवर रचावी लागतात, आणि ती रचणारा माणूसच असतो. म्हणजे काम नाहीसे होत नाही, त्याचे रूप बदलते. थप्पी कशी लावावी, कोणती गाठ घसरेल, ओली फरशी कोठे आहे, हे जुन्या हमालाइतके कोणाला कळते? गाडी चालवायला प्रथम त्यालाच शिकवावे. ही गाडी मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळताना तिची शेपटी बाहेर फेकली जाते. तिचा तोल पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्य, अशा तीन पायांच्या तिवईवर असतो. ओझे उंच धरून जोराने वळले की ती कुशीवर पडते. उचललेल्या ओझ्याखाली कोणी उभे राहू नये, काट्यांवर कोणाला चढवू नये, चालताना ओझे जमिनीलगत ठेवावे : एवढे नियम तरी भिंतीवर मराठीत लिहावेत आणि चालकाला रीतसर शिकवून मगच किल्ली द्यावी. शिकविण्याचा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा.

शेवटी खरेदीची रीत. सात दिवस एक वही घाला. दर उचलीचे वजन, लांबी, उंची, अंतर आणि वेळ लिहा. त्या वहीतले सर्वांत मोठे नित्याचे ओझे क्षमतेसाठी धरा; दिवसाचे एकूण तास बॅटरीसाठी धरा. मग निदान तीन विक्रेत्यांना तीच वही दाखवा. गाडी दालनात न पाहता आपल्या अंगणात, आपल्या ओझ्यासह, आपल्या उतारावर चालवून पाहा. आणि ती संध्याकाळी, बॅटरी उतरत आली असताना पाहा. सकाळी ताजी गाडी सगळ्यांचीच चांगली असते. हमी वर्षांची की तासांची, दुरुस्तीचा माणूस अकोल्याहून येणार की नागपूरहून आणि किती तासांत, सुटे भाग कोठे मिळतात, पावसाच्या सरीत गाडी उघड्यावर चालेल का, कारण सोयाबीन येते ते परतीच्या पावसातच, हे सारे लेखी घ्या. गाडी, बॅटरी, चार्जर, क्लॅम्प, फरशी, वीजजोड आणि शिक्षण या सातांची बेरीज म्हणजे खरी किंमत. विक्रेत्याचे दरपत्रक बहुधा पहिल्या तीन-चारांवरच थांबते.

मोठे यंत्र दारात उभे राहिले की गावाची छाती फुगते, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु कर्जाचे हप्ते छाती पाहून ठरत नाहीत. ज्या कास्तकारांनी कपाशीच्या भरवशावर ही रक्कम उभी केली, त्यांना पाच टनांचा आकडा काही देणार नाही; त्यांना देईल ती रोज शंभर फेऱ्या बिनतक्रार करणारी, आपल्या फरशीला आणि आपल्या विजेला झेपणारी, आपल्याच माणसाने सांभाळून चालविलेली गाडी. ती तीन टनी निघाली तर तीन टनीच घ्यावी, आणि उरलेल्या पैशांत फरशी पक्की करावी.